दमलेल्यांची रजा

गाडी चालवताना किस्से कुणी जमवत बसत नाही. ते सीटखाली आपोआप जमतात, तेलकट चिंध्या जमतात तसे. मग एखाद्या दिवशी पाना शोधायला हात घातला, की पान्याच्या आधी तेच हाताला लागतात.

मी देवास-धार लाइनवर बस चालवली. खासगी गाडी, व्हाया इंदूर. शाळा फार झाली नाही, स्टिअरिंग लवकर हातात आलं. आता रिटायर आहे. सकाळी बसस्टँडच्या बाजूला चहाच्या दुकानात बसतो. सोबत दोघे. एक गफ्फार, धारचा, माझ्याच लाइनचा ड्रायव्हर. मुलगा देवासला कारखान्यात लागला म्हणून तो इकडे राहायला आला. त्याला सगळं गाव भिया, म्हणजे भाऊ, म्हणतं. दुसरा रामेश्वर, पीपलरावां गावचा, आमचा कंडक्टर. दोघं मला उस्ताद म्हणतात.

आमच्या बाकावर पूर्वी रस्ता, टायर आणि आरटीओ एवढेच विषय होते. माझी नात केतकी पायलट झाली आणि विषय बदलले. आता पायलटनं आजारी कधी म्हणायचं, दमलो कधी म्हणायचं, किती झोप झाल्याशिवाय विमानाला हात लावायचा नाही, हे सगळं गफ्फारला पाठ आहे. रस्त्याचे नियम त्याला कधीच एवढे पाठ नव्हते.

केतकी एका मोठ्या विमान कंपनीत आहे. नाव लिहीत नाही. ती उजव्या सीटवर बसते. डावी सीट कॅप्टनची. हे किस्से घडले तेव्हा तिचं नाव डाव्या सीटसाठी पुढे गेलं होतं आणि वरचे लोक तिच्याकडे बघत होते. एवढं लक्षात ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल.

*

आधी आमच्या वेळची रजा.

आमच्या शेठजींचा एक नियम होता. आजारी ड्रायव्हरनं देवासच्या ऑफिसात स्वतः येऊन तोंड दाखवायचं. निरोप चालत नसे. निरोप कुणीही पाठवतो, असं शेठजींचं म्हणणं.

गफ्फारला मलेरिया झाला. तो धारला राहायचा. आजारी आहे हे सांगायला देवासला यायला हवं. देवासला यायला गाडी हवी. गाडी स्टँडवर उभी होती, पण ड्रायव्हर नव्हता. कारण ड्रायव्हर आजारी होता.

मग गफ्फारनं घोंगडी पांघरली आणि गाडी काढली. दात वाजत होते. मागचे पॅसेंजर समजले, इंजिन वाजतंय. देवासला ऑफिसात जाऊन तो शेठजींसमोर थरथरत उभा राहिला. शेठजी माणूस वाईट नव्हते. कपाळाला हात लावला, हळहळले, रजा मंजूर केली.

गफ्फार म्हणाला, "अब घर कैसे जाऊँ?"

शेठजी म्हणाले, "अपनी गाड़ी धार ही तो जा रही है, भिया. ले जाओ."

*

केतकीची पहिली आजारपणाची रजा सर्दीची होती.

हे बाकावर सांगितलं तर चहा थांबला. रामेश्वरला वाटलं मी मस्करी करतोय. मी मस्करी करत नाही. गफ्फार म्हणाला, "ज़ुकाम की छुट्टी? उस्ताद, बुखार में तो हमारा निकाह हुआ है."

मलाही ते पटलं नव्हतं. आमच्या घरात सर्दीला कुणी आजार म्हटलेलं नाही. तेव्हा केतकीनं मला समजावलं. विमान वरून खाली येतं तेव्हा हवेचा दाब बदलतो. नाक बंद असेल तर कानाचा पडदा फाटू शकतो. असा कान घेऊन पायलट विमान चालवू शकत नाही. म्हणून सर्दी झाली की पायलटनं घरी बसायचं. कंपनीची मेहरबानी नाही, तसा नियम आहे.

मी हे बाकावर नीट समजावून सांगितलं. गफ्फारनं सगळं ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्याला सर्दी झाली. सुनेनं सांगितलं, गच्चीवर गहू वाळत घातलेत, तेवढे खाली आणा. गफ्फार खाटेवरून हलला नाही. म्हणाला, "चढ तो जाऊँगा, बेटा. उतरते वक़्त कान का क्या?"

*

केतकीच्या त्याच सर्दीत माझी थोरली बहीण धारहून आली. तिला सगळे आक्का म्हणतात. माझं वय झालं, नातवंडं झाली, लाइनवरचे लोक मला बघून विडी विझवायचे, तरी ती मला बंडू म्हणते.

आक्कानं येताना द्राक्षासवाची बाटली आणली होती. सर्दी, खोकला, अशक्तपणा, सगळ्याला तिच्याकडे तेच औषध. दोन चमचे जेवणानंतर. स्वतः ती वर्षानुवर्षं घेते.

केतकी म्हणाली, "आक्काआजी, मला नाही चालणार. ड्यूटीच्या आधी मशीनमध्ये फुंकावं लागतं. यात दारूचा अंश असतो. मशीन वाजलं तर नोकरी अडचणीत."

आक्का म्हणाली, "शहाणपणा शिकवू नकोस. ते द्राक्षांचं असतं."

केतकीनं बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. आक्कानं चष्मा लावून स्वतः वाचली. मग चष्मा काढला.

आक्का सोवळ्यातली बाई. उपास सगळे. कांदा चातुर्मासात घरात येत नाही. मेव्हण्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, एकदा लग्नात कुणीतरी ग्लास दिला होता, त्या घराशी तिनं संबंध तोडले. ती उठली, देवापाशी गेली, हात जोडून बराच वेळ उभी राहिली. माझ्या सूनबाईनं गॅस बंद केला.

आक्का परत येऊन बसली. केतकीला हळूच विचारलं, "ते एकदम बंद करू नये म्हणतात, ते खरं का ग?"

*

आमच्या लाइनला दमण्याचा नियम एकच होता, आणि तो मी केला होता. ड्यूटीवर बाफले खायचे नाहीत.

माळव्याबाहेरच्या माणसासाठी सांगतो. कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग गोवऱ्यांवर भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे. वर डाळ. शेवटी लाडू. हे खाऊन माणूस बसलेला राहत नाही. आणि खाऊ घालणाऱ्याचा आग्रह, इकडे त्याला मनुहार म्हणतात, तो असा की ताटावर आडवे हात धरले तर बोटांच्या फटीतून तूप वाढतात.

अमझेऱ्याला एक वरात गेली होती. गाडी गफ्फारची. मी त्याला बजावून पाठवलं होतं. तिथं मुलीचा बाप ताट घेऊन गाडीपाशी आला. गफ्फार म्हणाला, उस्तादची मनाई आहे. तो म्हणाला, "उस्ताद यहाँ थोड़ी हैं. हमारी बेटी की शादी में ड्रायव्हर साब भूखे रहेंगे क्या?" गफ्फारनं एक खाल्ला. मग मुलीचा काका आला. काकाचा मान ठेवून आणखी एक. मग मामा आला. मामाचा मान मोठा असतो.

दुपारी बिदाई झाली. मुलगी रडली, आई रडली, शेजारणी रडल्या. मुलीला गाडीत बसवलं, दार लावलं, सगळ्यांनी हात हलवले. गाडी हलली नाही. गफ्फार स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता. हॉर्न वाजवून झाला. ढोलवाल्यानं कानापाशी ढोल वाजवला. गफ्फारनं कूस बदलली.

मुलगी खिडकीत, आई खिडकीखाली. दुसऱ्यांदा रडून झालं. मग तिसऱ्यांदा, थोडं कमी. मग आईनं आतून एक खुर्ची मागवली. मुलीला खिडकीतून चहा दिला. चहाबरोबर शेव दिली. नवऱ्या मुलालाही दिली. मग माय-लेकींच्या रोजच्यासारख्या गप्पा सुरू झाल्या आणि त्याही संपल्या.

ऊन उतरल्यावर गफ्फारला जाग आली. त्यानं चावी फिरवली. आता पुन्हा रडायचं, म्हणून शेजारणींनी पदर सावरले.

मुलीची आई खुर्ची उचलत म्हणाली, "अब जाओ भी."

*

केतकीनं एकदा सांगितलं, की विमानात दोघांपैकी एकाला फारच झोप येत असेल तर तो दुसऱ्याला सांगून थोडा वेळ डोळे मिटू शकतो. अट अशी की सांगून मिटायचे, आणि दुसरा पूर्ण जागा हवा.

गफ्फार म्हणाला, "ये तो हमारे यहाँ भी था. रामेश्वर."

खरं आहे. तिकिटं फाडून झाली की रामेश्वर ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर बसायचा आणि ड्रायव्हरशी बोलत राहायचा. तेही त्याचं काम होतं. त्याचा आणि त्याच्या भावाचा शेताच्या बांधावरून तंटा होता. तो तंटा त्यानं आम्हाला इतकी वर्षं सांगितला, की लाइनवरचे पॅसेंजर दोन पक्षांत वाटले गेले होते. एक म्हातारी घाटाबिल्लोदला उतरताना नेहमी म्हणायची, "भाई के माफ करी दे रे."

एकदा मोहनखेड्याला, जैनांच्या तीर्थाला, स्पेशल गाडी गेली होती. यात्रेकरू होते. परतताना रामेश्वरचा आवाज पूर्ण बसला. हातवारे करायला लागला, पण हातवाऱ्यांकडे बघायचं तर रस्त्याकडे कोण बघणार? दुपारची वेळ, रस्ता सरळ, गफ्फारच्या पापण्या जड. त्यानं पुढच्या सीटवरच्या गृहस्थांना विनंती केली, "बाऊजी, कुछ बात करते रहो."

गृहस्थ प्रसन्न हसले आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांना मौन होतं. घरी पोचेपर्यंत.

गफ्फारनं आरशात बघितलं. मागच्या तिन्ही रांगा त्यांच्याच घरच्या. सगळ्यांना मौन.

त्यानं गाडी कडुलिंबाखाली लावली, हात जोडले, आणि सांगून झोपला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे इतकी शांत झोप त्याला ड्रायव्हरीत पुन्हा कधी मिळाली नाही. जाग आली तेव्हा ते गृहस्थ त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत होते. कुणी तक्रार केली नाही. करणार कशी?

*

आता केतकीचं.

तिला ओळीनं पहाटेच्या ड्यूट्या लागल्या होत्या. मग एका दिवशी विमान खोळंबलं, ड्यूटी लांबली. इंदूरला मुक्काम पडला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उड्डाण लावलेलं. हॉटेलात उठली तर तिला स्वतःच्या बुटांची नाडी बांधता येईना. म्हणजे बांधायची आणि बांधली की नाही ते आठवायचं नाही. तिनं कंपनीला कळवलं, मी थकले आहे, आज विमान चालवणं सुरक्षित नाही. तसा रिपोर्ट द्यायची सोय आहे. कंपनीनं दुसरा पायलट बसवला, ती टॅक्सी करून देवासला आली आणि झोपली.

सूनबाईनं शेजारी सांगितलं, केतकी आलीय, जरा बरं नाही.

आमच्याकडे माणूस पडला, की त्याची विचारपूस करायला जावंच लागतं. न जाणं म्हणजे भांडण. तासाभरात शहाळी आली, मोसंबी आली, लौकीचा, म्हणजे दुधीचा, हलवा आला. बायका आत जात, तिच्या कपाळाला हात लावत. ताप नाही. खोकला नाही. मग झालंय काय? कुणी म्हणालं दृष्ट. कुणी म्हणालं स्थळं बघायला लागा. आणि जाताना प्रत्येक जण तिला हलवून, उठवून, प्रेमानं सांगून जात होता, "बेटा, अब आराम करना."

मी खुर्ची घेतली आणि तिच्या खोलीच्या दारात बसलो. काठी आडवी धरली.

"झोपली आहे," मी म्हणालो.

"कधी उठेल?"

"झोप झाली की."

कुणी परत गेलं नाही. विचारपूस न करता परत कसं जाणार? ओसरीवर सतरंजी घातली, सगळे बसून राहिले. गफ्फार आणि रामेश्वर आले, तेही बसले. दुपारी आक्का धारहून आली. म्हणाली, "बंडू, बाजूला हो." मी झालो नाही. आयुष्यात पहिल्यांदा. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तीही सतरंजीवर बसली.

ऊन वाढलं, पंखा फिरत होता, बोलायचं नाही अशी मी ताकीद दिली होती. थोड्या वेळानं दार उघडलं. केतकी डोळे चोळत उभी होती. ओसरीवर सगळी आळी आडवी झालेली. आक्का मधोमध.

केतकी म्हणाली, "आबा, यांना बाहेर झोपायला सांगा ना. घोरण्यानं झोप लागत नाहीये."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कंपनीतून फोन आला. ड्यूट्या लावणारे साहेब होते. बोलणं गोड होतं. म्हणाले, तुम्ही रिपोर्टमध्ये थकवा लिहिलाय, तो काढा आणि आजारी लिहा. सर्टिफिकेट कुणीही देईल. उद्या संध्याकाळी रिपोर्ट वर जातो, त्याच्या आत करा. तुमचं नाव डाव्या सीटसाठी गेलेलं आहे, उगाच कशाला?

केतकी माझ्यापाशी येऊन बसली. मी म्हणालो, फरक काय? रजा ती रजा.

ती म्हणाली, "फरक आहे, आबा. आजारी म्हटलं की दोष माझ्या शरीराचा. थकले म्हटलं की त्यांना बघावं लागतं, मला इतकं दमवलं कुणी. आणि तीच ड्यूटी उद्या दुसऱ्या कुणाला लागणार आहे."

"मग?"

"मग काय. शब्द बदलला तर सीट मिळेल. नाही बदलला तर माहीत नाही. तुम्ही सांगा."

मला उपदेश करता येत नाही. मी तिला माझ्या आज्यांची गोष्ट सांगितली, तीच इथं लिहितो.

माझे आजे संस्थानच्या पागेत होते. घोड्यांची चाकरी. एक दिवस एका पाहुण्या साहेबाला घोडा हवा होता. ठरलेला घोडा आदल्या दिवशी लांबची दौड करून आलेला. आजे म्हणाले, मिळणार नाही, दमलाय. साहेबाला राग आला. दमलाय म्हणजे काय? घोडा दमतो कसा? दुखतंय का काही? पागेचे दरोगा मध्ये पडले. आज्यांना म्हणाले, अरे, आजारी आहे म्हण, साहेबांचा मान राहील, तुझंही भागेल.

आजे म्हणाले, "आजारी म्हणणार नाही. आजारी लिहिला की उद्या पागेतून काढाल. घोडा चांगला आहे. दमलाय."

साहेब त्या दिवशी पायी गेले. त्यांची तब्येत सुधारली, असं ऐकलं.

केतकीनं ऐकून घेतलं. मोबाइल बंद केला, माझ्या उशाखाली ठेवला, आणि आत जाऊन झोपली.

*

आणि आता हा.

मोबाइल बंद, म्हणून तिसऱ्या दिवशी कंपनीनं इंदूर विमानतळावरचा आपला माणूस घरी पाठवला. अंकित नाव. तरणा पोरगा, गळ्यात पट्टा, हातात टॅब. त्यानं वाकून नमस्कार केला. पोरगा चांगला होता. म्हणाला, दादाजी, मॅडमची एक सही हवी, शब्द बदलायचा आहे, आज संध्याकाळच्या आत. दोन मिनिटांचं काम.

मी म्हणालो, झोपली आहे.

त्यानं विचारलं, उठवता येईल का? मी म्हणालो, तुमच्याच कंपनीचा नियम आहे, विश्रांतीत पायलटला उठवायचं नाही. तो हसला. म्हणाला, थांबतो मग.

थांबला तो पाहुणा. जेवायची वेळ झाली होती. घरात त्या दिवशी बाफले होते. सूनबाईनं विचारलं, "मामंजी, पाहुण्यांना आपलंच वाढू का पोळ्या टाकू?"

मी म्हणालो, "आपलंच वाढ."

तो नको म्हणत होता. पहाटेच्या पहिल्या विमानापासून ड्यूटीवर उभा आहे, जोडीदार सिक लीव्हवर गेलाय, त्याचीही शिफ्ट आपल्याच अंगावर, परत जाऊन दुपारची विमानं बघायची आहेत, असं म्हणाला. मी म्हणालो, मग तर जेवायलाच हवं. पहिला बाफला त्यानं भुकेनं खाल्ला. दुसरा सूनबाईच्या शब्दाखातर. मग आक्का तुपाचं भांडं घेऊन आली. आक्काला नाही म्हणणारा अजून कुणी धारमध्ये निघालेला नाही, हा तर इंदूरचा. त्यानं ताटावर हात आडवे धरले. आक्कानं फटीतून वाढलं. गफ्फार सकाळपासून येऊन बसला होता, त्यानंही एकदा आग्रह केला. म्हणाला, "ले लो, भिया. मेरा देखा हुआ है. कुछ नहीं होता."

लाडू मी स्वतः वाढला. मी कधी वाढत नाही.

अंकितनं हात धुतले. ओसरीवरच्या तख्तावर, म्हणजे लाकडी पलंगावर, बसला. मॅडम उठल्या का, असं विचारलं. उत्तर ऐकायला थांबला नाही.

केतकी दुपार कलल्यावर उठली. तीन दिवसांत पहिल्यांदा चेहरा तिचा स्वतःचा दिसत होता. ओसरीवर आली, तख्ताकडे बघितलं.

"हे कोण?"

"तुझ्या कंपनीचे."

"कशाला आले होते?"

मी टॅबकडे बोट केलं. तिनं उचलून वाचलं. वाचून होता तसा ठेवला.

"आबा, उठवायचं ना त्यांना."

"तुझाच नियम आहे."

मग तिनं पंखा वाढवला, त्याच्या अंगावर चादर घातली, आणि चहा टाकायला आत गेली. रस्त्यावर शाळा सुटल्याचा गोंधळ झाला, मग तोही संपला. सावली ओसरीच्या पायरीवरून उतरली. रामेश्वर आला, आणि सवयीनं बोलायला लागला. मी त्याला काठीनं गप्प केलं.

संध्याकाळ झाली. अंकितचा फोन वाजला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा मी उचलला. पलीकडे तेच ड्यूट्या लावणारे साहेब. मला बोलू न देता म्हणाले, "कहाँ हो यार? रिपोर्ट तो गई ऊपर, वैसी की वैसी! साइन क्यों नहीं लिया?"

मी म्हणालो, "सो रहे हैं."

"कौन सो रहा है?"

"आपके साहब."

मग आवाज बदलला. "ड्यूटी पे सो रहा है? मुझे लिखना पड़ेगा ये. क्या हुआ उसको? बीमार है?"

मी तख्ताकडे बघितलं. पोरगा तोंड उघडं टाकून झोपला होता. गळ्यातला पट्टा एका बाजूला, बूट पायात तसेच. एका बुटाची नाडी सुटलेली.

मी म्हणालो, "बीमार मत लिखना. लड़का अच्छा है. थका हुआ है."